बेचाळीस खापरं

माझ्याकडे काम होतं पुरण्याचं.
बाकीच्यांना बिल्ले मिळाले – नोंदणी, मार्गदर्शक, पिण्याचं पाणी –
मला एक बादली
आणि बादलीत बेचाळीस खापरं.
भद्रावतीच्या कुंभारानं मुद्दाम घडवून मुद्दाम फोडलेली,
भट्टीत पालथी भाजलेली,
काठाशी काळी, बुडाशी तांबडी,
अगदी जुन्यासारखी.

डिसेंबरातला रविवार. मैदानात मांडव,
मधोमध ट्रकभर कन्हानची रेती, सुतळीचे चौकोन.
दर अर्ध्या तासानं शिट्टी,
वीस पोरं बाहेर, वीस आत.
मधल्या चार मिनिटांत
मी घाईघाईनं
अडीच हजार वर्षं परत अंथरायची.

आई-बाप दोरीपलीकडे.
कुणी तर्री-पोह्याची प्लेट सावरत,
कुणी मोबाइल उंच धरून,
"अगं, डाव्या कोपऱ्यात बघ, तिकडे आहे!"
(त्यांनी मला पुरताना पाहिलेलं असायचं.)

हिंगण्याचे एक गृहस्थ
पिशवीतून वरवंटा घेऊन आलेले.
तंबू-तंबूत विचारत होते, याचे किती येतील.

झिबलजी उईके खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलेले.
तीस हंगाम उत्खननात, रोजीनं.
दगडांची वर्तुळं, मातीत विरत चाललेल्या विटा,
हाडाला चिकटलेला तांब्याचा पत्रा –
पहिला हात त्यांचाच.
अहवालात : मजूर, बारा.
आज प्रथमच खिशावर नाव, तेही उलटं लटकलेलं.

"खुरपं असं नाई धरत बापू.
हलकं. हलकं.
मातीले समजू नको देऊ आपन आलो म्हनून."

तिसरी पाळी. चौकोन क-चार.
सुगत नंदेश्वर, इयत्ता तिसरी, मानेवाडा.
त्यानं माझं खापर बाजूला सारलं
आणि तळहातावर आणून दाखवलं
बोटाच्या पेराएवढं काहीतरी,
हिरवं, वाकलेलं.

मी मनगटाकडे पाहिलं.
बहिणीच्या लग्नात भरलेल्या.
सकाळी सहा होत्या.

"मॅडम, हे किती जुनं?"

खोटं बोलायला भरपूर जागा होती.
मागे फलकावर राजवंशांची रांगच लागलेली,
त्यातला कुठलाही चालला असता.
"साडेदहाचं," मी म्हटलं. "आजच्या."

त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वाबारा.
मला वाटलं, आता तोंड पडेल.
तो हिशेब करत होता.

"लिव," झिबलजी म्हणाले, "खोली लिव.
काय हाय, थे साहेब पाहीन.
किती खाली भेटलं, थे आपलं काम."

पट्टी लावली. ओठ हलवत, पेन्सिल दाबून
त्यानं तक्ता भरला :
बांगडी. हिरवी. तुकडा एक.
खोली अकरा सेंटिमीटर.
वय पावणेदोन तास.

मग म्हणाला, घरी नेऊ?
मी नियम सांगितला. सापडलेलं नेता येत नाही.
माझाच तुकडा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला,
वर चौकोनाचा नंबर टाकला,
तेव्हा कुठे तो
तान्ह्या पोळ्याचे बैल करायला मातीच्या टेबलाकडे पळाला.

सहाला मांडव सुटायला लागला.
आम्ही रेती उपसली, चाळली, परत चाळली.
एकेचाळीस.
झिबलजींनी बादलीत डोकावून पाहिलं,
काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

रेतीवाल्याचा ट्रॅक्टर केव्हाचा ताटकळत होता.
बेस्याला कुणाचा तरी स्लॅब पडायचा होता सकाळी.

एक तर ते कुणाच्या कंपासपेटीत असेल,
कर्कटकाशेजारी,
किंवा उद्या गवंडी म्हणेल,
हे काय आलं रेतीत,
आणि वरून सिमेंट ओतेल.

वेडंवाकडं, पालथं भाजलेलं,
काठाशी काळं.
माझ्या हातून पुरलं गेलेलं
एकच खरं.